बासुन्नेहे कोण?

पाया भरून झाला की भिंती उठायच्या आधी दाराची चौकट उभी करायची, अशी आमच्याकडची रीत आहे. चौकट मुहूर्तावरच उभी राहते. त्याआधी घरातलं मोठं माणूस विड्याच्या पानांची जुडी दोन्ही हातांनी सुतारापुढे धरतं आणि म्हणतं, "बासुन्नेहे, काम हाती घ्या." बास म्हणजे कारागीर, आणि बासुन्नेहे म्हणजे तेच आदराने. तसं बासुन्नेहे आम्ही सगळ्याच कारागिरांना म्हणतो. गवंड्याला, रंगाऱ्याला, नळ दुरुस्त करायला आलेल्यालाही. पण पानं देऊन म्हटलेलं बासुन्नेहे वेगळं. ते गावभर जातं, आणि मग दुसऱ्या घरून बोलावणं येतं.

माझ्या घराच्या वेळी ही पानं कोणाच्या हातात द्यायची, यावर मुहूर्ताच्या आदल्या दुपारी आमच्या पडवीत वाद झाला.

घर कोलंबोजवळच्या बोलगोडा तळ्याच्या काठी, अम्माने मला दिलेल्या जागेवर व्हायचं होतं. जिथे पाया आला तिथे आमचा फणस उभा होता. तो तोडावा लागला तेव्हा अम्मा दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मग म्हणाली, "दार तरी त्याचंच कर." म्हणून ओंडका मोरातुवा गावच्या सिमियन बास सुताराकडे गेला. अम्माच्या लग्नातलं कपाट त्याने केलेलं, आमच्या शाळेची बाकंही त्याचीच. पण गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आल्यापासून सिमियन बासचा उजवा हात मांडीवर ठेवलेला असतो. कारखान्यात लोक येऊन विचारतात, "बासुन्नेहे आहेत का?" त्याची मुलगी इनोका म्हणते, "आहेत, बसा." मग सिमियन बास गप्पा मारतो आणि काम इनोका करते. चौकटही तिनेच केली होती. मी ती पाहून आले होते. वरच्या पट्टीवर तिने कमळाची वेल कोरली होती आणि जोडांत नखसुद्धा शिरत नव्हतं.

वाद सुरू केला माझ्या थोरल्या मामाने. त्याला आम्ही सगळे लोकुमामा म्हणतो. तो किनाऱ्याच्या लाइनीवर स्टेशनमास्तर होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण घड्याळ अजून तेच आहे आणि आवाजही. माझे वडील नाहीत, त्यामुळे पानं देण्याचा मान त्याचा.

"पानं सिमियनच्या हातात," तो म्हणाला. "काम कोणी का केलं असेना."

सिमियन बास आणि इनोका चौकट कशी आणायची ते ठरवायला आले होते. इनोका खांबाला टेकून उभी होती. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून सगळ्यांसाठी मी मानेल टीचर. ती माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "टीचर, उद्या पानं माझ्या तात्तेच्या हातात गेली, तर लोक काय म्हणतील? सिमियन बासचं शेवटचं काम मानेल टीचरच्या घरी झालं. शेवटचं. मग मला कोण बोलावणार?"

हळू आवाजातलं बोलणं लोकुमामाला नेहमीच आधी ऐकू येतं.

"पोरी, तुझं काम वाईट आहे असं मी म्हणतच नाही. पण शब्दाला काही अर्थ असतो. बास हा शब्द कुठून आला, माहीत आहे?"

"हार्डवेअरच्या दुकानातून," अम्मा आतून म्हणाली.

"डचांचा शब्द आहे तो. त्यांच्या भाषेत बास म्हणजे वरचा माणूस. मालक. कोलंबोच्या किल्ल्यात त्यांच्या सुतारशाळा होत्या. आपली माणसं लाकूड तासायची आणि एक जण वर उभा राहून हुकूम सोडायचा, तो बास. डच गेले. शब्द राहिला."

"मालक गेला आणि त्याचं नाव कामगाराने ठेवून घेतलं," मी म्हणाले. "हे मला फार आवडलं, मामा."

"हाच शब्द त्यांच्याच लोकांबरोबर अमेरिकेला गेला आणि तिथे बॉस झाला." लोकुमामाला आता मजा यायला लागली होती. निवृत्तीनंतर त्याने दोन जाडजूड शब्दकोश घेतले आहेत, पण ऐकायला माणूस मिळत नाही.

"म्हणजे तुमच्या रेल्वेचा तो मोठा साहेब आणि आपला नळवाला एकाच आईची लेकरं," अम्मा चहा घेऊन बाहेर येत म्हणाली. "नळवाला निदान बोलावल्यावर येतो तरी."

"आणि डचांच्या आधी काय होता?" इनोकाने विचारलं.

"त्याआधीचं नक्की कोणालाच माहीत नाही. काही जण म्हणतात, मुळात त्याचा अर्थ काका असावा." लोकुमामाने तिच्याकडे बोट केलं. "ऐकलंस? काका."

"कशावरून म्हणतात?" मी विचारलं. मला ते खरंच जाणून घ्यायचं होतं. झाडांची कुळं शोधतात तशीच ही शोधाशोध असणार.

"एका फार जुन्या जर्मन शब्दाशी तो जुळतो म्हणून. त्याचा अर्थ मात्र..." तो थांबला आणि चहाकडे बघू लागला.

"काय अर्थ, मामा?"

"आत्या."

सिमियन बास इतका हसला की त्याच्या बशीतला चहा सांडला.

"पण ते सगळे मानत नाहीत," लोकुमामा घाईने म्हणाला.

"न मानणारे सगळे काकाच असतील," अम्मा म्हणाली.

हसणं ओसरल्यावर सिमियन बासने बशी खाली ठेवली. झटक्यानंतर तो सावकाश बोलतो. "आमच्या घरात वेगळं सांगतात. माझे आजोबा सांगायचे. त्या सुतारशाळेत काम नीट चाललं असलं की साहेब कोणाला काही विचारायचा नाही. काही मोडलं, फाटलं, चुकलं, की येऊन ओरडायचा, इथे बास कोण? तेव्हा सगळे खाली बघायचे. जो पुढे यायचा तो बास."

"हे कोणत्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकाचं नाही माहीत, मास्तर. आजोबांच्या तोंडात होतं. दात नव्हते, म्हणून नीट ऐकावं लागायचं."

लोकुमामाने मान हलवली. पुरावा म्हणून त्याने ते स्वीकारलं नव्हतं. "पानं सिमियनच्या हातात," तो उठत म्हणाला, आणि विषय त्याच्यापुरता संपला. इनोकाने बापाला हात देऊन उभं केलं. जाताना ती मला म्हणाली, "चौकट बघितल्यावर बदलेल त्यांचं मन. बघाच तुम्ही."

मुहूर्त सकाळी नऊ सत्तावीसचा होता. आमचे मुहूर्त असेच असतात, आणि लोकुमामाच्या मते आगगाड्यांपेक्षा वेळेवर येतात. सकाळी लवकरच छोट्या लॉरीतून चौकट आली. पायाच्या जोत्यावर गवंडी तिलकसिरी बास सिमेंटचं घमेलं घेऊन तयार होता. अम्माने दोन पिंपांवर एक जाड लांब फळी टाकून मेज केलं होतं. त्यावर केळीचं पान, किरीबताच्या म्हणजे नारळाच्या दुधातल्या भाताच्या चौकोनी वड्या, तळलेले गोड कवुम, आंबूस केळी आणि काकवीचं भांडं. तळ्यावरून वारा येत होता. शेजारपाजारची माणसं जमायला लागली होती. माझं स्वतःचं दार. ज्या फणसावर मी लहानपणी चढायचे, त्याच फणसाचं.

हार घालण्याआधी चौकटीला खोबरेल लावतात. मी वाटी धरली आणि इनोका फडक्याने तेल लावू लागली. कोरडं, रंधा मारलेलं लाकूड सगळं एकसारखं फिकट दिसतं. तेल लागलं की पृष्ठभागावर विखुरणारा उजेड कमी होतो आणि आतलं वर येतं. फणस तर पिवळाधमक पेटतो. डावा उभा खांब उजळत गेला, आणि त्यावर एकात एक बसलेल्या ज्योतींसारखे आकार दिसू लागले. सगळ्यांची टोकं वर.

"किती सुंदर," मी म्हणाले.

इनोका हसली आणि उजव्या खांबाकडे वळली. खालपासून वर तेल लावत गेली. अर्ध्यावर तिचा हात थांबला.

मीही पाहिलं. या खांबावरच्या ज्योतींची टोकं खाली होती.

झाडाचं खोड बुंध्याशी रुंद आणि शेंड्याकडे निमुळतं असतं. दरवर्षीचं लाकूड आधीच्या लाकडावर उंच टोपीसारखं चढतं. त्या टोप्या उभ्या कापल्या की फळीवर ज्योती दिसतात, आणि ज्योतीचं टोक शेंड्याकडे असतं. हे मी दर वर्षी मुलींना फळ्यावर काढून दाखवते. उजवा खांब डोक्यावर उभा होता.

आमच्याकडे कोणीही सुतार दाराचं लाकूड उलटं लावत नाही. झाड जसं उगवलं तसंच ते घरात उभं राहिलं पाहिजे, मूळ खाली आणि शेंडा वर. उलट्या लाकडाच्या घरात माणसं एकमेकांवर रुसतात, असं अम्मा मानते. अम्माच कशाला, तळ्याच्या दोन्ही काठांवरचा प्रत्येक माणूस मानतो. मेलेल्या लाकडाला वरखाली कळत नाही आणि भारही तेवढाच पेलतो, हे मला माहीत आहे. तरी माझ्या फणसाला डोक्यावर उभं केलेलं मला बघवलं नसतं.

"दिसलं ना?" इनोकाने ओठ न हलवता विचारलं.

"दिसलं."

"मामांना दिसेल?"

मी लोकुमामाकडे पाहिलं. तो घड्याळाला किल्ली देत होता. "नाही," मी म्हणाले. "हार घातल्यावर तर कोणालाच नाही."

इनोकाने फडकं माझ्या वाटीत टाकलं आणि वळून मोठ्याने म्हणाली, "तात्ते, उजवा खांब उलटा लागलाय."

तिलकसिरी बासने घमेलं खाली ठेवलं. लोकुमामा तरातरा आला, वाकून चौकटीकडे बघू लागला, आणि त्याला काही दिसत नव्हतं म्हणून जास्तच चिडला.

"उलटा म्हणजे? कोणाचं काम हे? कोण जबाबदार आहे इथे?"

खुर्चीत बसलेल्या सिमियन बासने डावा हात टेकून उठायला सुरुवात केली. "मास्तर, माझं..."

"नाही तात्ते, तुम्ही बसा." इनोका पुढे आली. "माझं काम आहे, मामा. जागा कमी म्हणून दोन्ही खांब बाकावर उलटसुलट ठेवले होते. बुंध्याची कोळशाची खूण रंध्याखाली गेली, ती मी पुन्हा केली नाही. तात्तेचा यात काही संबंध नाही. चौकट पहिल्यापासून मी एकटीने केली आहे."

सिमियन बास पुन्हा खुर्चीत टेकला. मला वाटलं त्याला वाईट वाटलं असेल. पण तो गालातल्या गालात हसत होता आणि पानाचा तोबरा एका बाजूला सरकवत होता.

"पुढचा मुहूर्त कधी?" तिलकसिरी बासने विचारलं.

"पुढच्या महिन्यात एकही नाही," लोकुमामा म्हणाला. "त्याच्या पुढे पावसाळा. आणि आता आठसुद्धा वाजले नाहीत, एवढ्यात रडायचं कारण नाही. चौकट सबंध उलटी करा की. वरचं खाली."

"वेल खाली जाईल," अम्मा म्हणाली. "लोक कमळावर पाय देऊन आत येतील."

"तेही चाललं असतं, पण उपयोग नाही," इनोका म्हणाली. तिने दोन्ही हात समोर धरले, उजव्याची बोटं खाली आणि डाव्याची वर. "हा माझा उजवा हात उलटा, डावा सरळ. मला सबंध उलटं टांगलं तर उजवा सरळ होईल, पण डावा उलटा होईल. एक कोणीतरी डोक्यावर राहणारच."

"मग एकटा उजवा फिरव."

"तर दार बसायची खाच भिंतीच्या बाजूला जाते."

लोकुमामाने स्वतःचे हात थोडे वर करून पाहिले, फिरवून पाहिले, आणि खाली घेतले. "बरोबर आहे," तो नाइलाजाने म्हणाला.

"नवा खांब करायला हवा," इनोका म्हणाली. "हत्यारांची पेटी लॉरीत आहे. रंधा, करवत, पटाश्या, सगळं आहे. लाकूड नाही. याच झाडाचं, एवढ्या जाडीचं लाकूड आता कुठून..."

ती बोलता बोलता थांबली. सिमियन बास काही बोलला नव्हता. तो नुसता एका दिशेने बघत होता. इनोकाने त्याच्या नजरेमागे नजर नेली, मग मी, मग लोकुमामाने. आम्ही सगळे अम्माच्या मेजाकडे बघत होतो.

मेजाची फळी म्हणजे ओंडका चिरल्यावर उरलेला जाड तुकडा, तो मीच लॉरीतून परत आणवला होता, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून.

"किरीबताला हात लावायचा नाही," अम्मा म्हणाली.

"अम्मा, तुझ्याच फणसाचं आहे."

"ताट कुठे ठेवू मी? डोक्यावर?"

"हो, ठेव," लोकुमामा म्हणाला, आणि स्वतः जाऊन केळ्यांचा घड उचलला. मग काय झालं ते मला सलग आठवत नाही. कवुमची परात शेजारणीच्या हातात गेली, किरीबत लॉरीच्या टपावर, दिवा जोत्यावर, आणि काकवीचं भांडं कलंडून फळीवरच सांडलं. पानांची जुडी कोणी आणि कुठे ठेवली, ते कोणालाच कळलं नाही.

"टीचर," इनोका म्हणाली, "बुंधा कुठल्या बाजूला?"

मी फळीवर वाकले. टोकांवरच्या कोळशाच्या खुणा पावसात धुऊन गेल्या होत्या. करवतीच्या ओरखड्यांखाली काहीच दिसत नव्हतं. "तेल," मी म्हणाले. तिने तेल ओतलं, मी तळव्याने चोळलं. इथे एक ज्योत, तिथे एक ज्योत. टोकं तळ्याच्या बाजूला.

"शेंडा तळ्याकडे," इनोका म्हणाली.

"थांब. खोड वाकडं असेल तर ज्योती फसवतात. आपला फणस मधे वाकडा होता, मला माहीत आहे, मी त्याच्यावरून पडले आहे. गाठ शोध. फांदी नेहमी वर चढत बाहेर येते. गाठ उभी चिरली गेली असेल तर ती कुठे कलली आहे ते दिसेल."

आम्ही दोघी फळीच्या दोन बाजूंनी गुडघ्यावर बसून बोटांनी चाचपू लागलो. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली हवं ते शोधताना मी अशीच अख्खा तास वाकलेली असते.

"इथे काहीतरी कडक आहे," ती म्हणाली. "काकवीखाली."

मी पदराने काकवी पुसली. अंगठ्याएवढी तपकिरी गाठ, गाभ्याकडून सालीकडे तिरकी गेलेली, आणि तिचा कल स्पष्ट तळ्याकडे.

"तळ्याकडे शेंडा," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

इनोकाने कानावरची पेन्सिल काढली आणि दुसऱ्या टोकावर भलामोठा फुलीचा आकार काढला. मग त्याच्याशेजारी आणखी एक. मग टोकाच्या चारही बाजूंना. "आता नाही पुसणार," ती म्हणाली, आणि उठून हुकूम सोडू लागली.

"तिलकसिरी बास, उलटा खांब बाहेर काढा, वरची पट्टी मोडू देऊ नका. टीचर, जुना खांब याच्याशेजारी ठेवा, मापं त्यावरून घेते. मला करवतीच्या दुसऱ्या टोकाला माणूस हवा."

कोणी पुढे येईना. सगळे नवे कपडे घालून आले होते. लोकुमामाने पांढरं सरोंग गुडघ्यापर्यंत खोचलं, घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि करवतीची मूठ धरली.

"ढकलू नका, मामा. नुसतं ओढा. ढकलायचं काम माझं."

"मला शिकवू नकोस."

"मग ढकलू नका."

त्याने ढकलणं बंद केलं. करवत सरळ चालू लागली. पिवळा भुसा उडत होता आणि त्याला माझ्या लहानपणाचा वास येत होता. मी वेळ सांगत होते, आणि दर वेळी सगळे एका आवाजात "हळू सांग" म्हणत होते, जसं काही हळू सांगितल्याने वेळ हळू जाईल. फळी चिरली. इनोका रंध्याला भिडली. लांब सालपटं तिच्या मनगटावरून निघून वाऱ्याने तळ्यापर्यंत जात होती आणि बायका ती गोळा करून हसत होत्या. मग रंधा अडखळला आणि फणसाचे बारीक टवके उडाले.

"दुवे, रडतोय तो," सिमियन बास खुर्चीतून लेकीला म्हणाला.

"ऐकलं, तात्ते." तिने लाकूड फिरवलं आणि उलट बाजूने रंधा घातला. आवाज पुन्हा मऊ झाला.

टोकांचे जोड करायला सगळ्यात जास्त वेळ लागला. तिथे कोणाचीच मदत चालत नव्हती. ती पटाशी ठोकत होती आणि आम्ही सगळे तिच्याभोवती कोंडाळं करून श्वास धरून उभे होतो, इतके जवळ की तिने वर न बघता "उजेड," म्हटलं आणि सगळे एक पाऊल मागे सरकले. लोकुमामाच्या मिशांत भुसा होता.

"दार बसायची खाच?" त्याने विचारलं. आता तो कुजबुजत होता.

"ती खांब उभा राहिल्यावर कोरीन, नंतर. आज झाड सरळ उभं राहू दे."

"नऊ दहा," मी म्हणाले.

जोड बसेना. वरच्या पट्टीत टोक शिरलं आणि केसभर बाहेर राहिलं. तिलकसिरी बास मोठा हातोडा घेऊन आला. इनोकाने त्याला हाताने थांबवलं, टोक बाहेर काढलं, त्यावर पेन्सिलीचं शिसं चोळलं, पुन्हा आत घातलं, पुन्हा काढलं. जिथे काळं उमटलं होतं तिथे पटाशीने एक पातळ पापुद्रा काढला. कांद्याच्या सालीएवढा. मग लाकडाचा ठोकळा ठेवून दोनदा मारलं, आणि जोड असा बंद झाला की जणू तिथे कधी फट नव्हतीच.

"नऊ एकोणीस."

चौकट उचलली. ती नुसती उचलायलाच चार माणसं लागली. जोत्यावर आणली, फुल्या खाली, कमळं वर. तिलकसिरी बासने खालच्या खड्ड्यांत सिमेंट भरलं. इनोकाने ओळंबा सोडला.

"मामा, इथे या. हा नवा खांब दोन्ही हातांनी धरा. असा. आता माझ्याकडे आणा. आणखी. नाही, मागे. केसभर मागे. तिथेच. हलू नका."

"हलत नाही."

"बोलूही नका. बोललात की हलता."

चाळीस वर्षं गाड्या सोडणारा माणूस तोंड मिटून उभा राहिला. ओळंब्याचा लोलक गोल गोल फिरत हळूहळू स्थिर होत होता. तिने एक डोळा मिटला. मी घड्याळाच्या काट्याकडे बघत होते आणि तो काटा आता सत्तावीसवर टेकत होता.

"नऊ सत्तावीस," मी म्हणाले.

कोणीतरी नारळ फोडला. बायका हात जोडून साधू साधू म्हणाल्या. लोकुमामाच्या नाकावरून घाम टपकत होता. त्याने मान न वळवता, नजर खांबावरून न काढता विचारलं,

"बासुन्नेहे, सोडू का आता?"

इनोकाने सवयीने बापाकडे पाहिलं, कारण ही हाक आजवर त्यालाच आली होती. सिमियन बास तळ्याकडे बघत होता, जणू तिथे फार महत्त्वाची होडी चालली आहे.

"बासुन्नेहे, अहो, हात गळाले माझे."

"थांबा," इनोका म्हणाली. ती पुन्हा वाकली, ओळंबा पाहिला, खालून टेकू ठोकला, दुसऱ्या बाजूचा ठोकला, आणि खांबावर तळवा ठेवून थोडं दाबून पाहिलं. "आता सोडा."

त्याने सोडलं. चौकट उभी राहिली. तिच्या दोन्ही बाजूंना भिंती नव्हत्या, वर छप्पर नव्हतं, आतून तळं दिसत होतं. डावा खांब तेलाने पिवळा आणि उजवा अजून कोरा, फिकट.

"अय्यो, पानं," अम्मा ओरडली. "पानं राहिली."

शोधाशोध झाली. जुडी सापडली पिंपामागे, भुशाने माखलेली. लोकुमामाने ती हातात घेतली आणि गोंधळून उभा राहिला.

"पानं काम सुरू व्हायच्या आधी द्यायची असतात, मास्तर," तिलकसिरी बास म्हणाला. त्याचे डोळे मिश्कील होते.

"माझ्या नोकरीत एकही गाडी वेळेवर आली नाही," लोकुमामा म्हणाला. "हिरवा बावटा तरी दाखवायचोच की." त्याने जुडीवर फुंकर मारली, एकेक पान सरोंगाला पुसलं, जुडी पुन्हा सारखी केली, आणि सिमियन बासच्या खुर्चीवरून पुढे गेला. सिमियन बासने त्याला वाट देण्यासाठी पाय आत घेतले.

इनोकाने झग्याला हात पुसले. मग पुन्हा पुसले. तिने दोन्ही हातांनी पानं घेतली आणि वाकून कपाळाला लावली. मला तिचा चेहरा दिसला नाही, केसांत अडकलेलं एक सालपट तेवढं दिसलं.

तिलकसिरी बास लॉरीच्या टपावरून किरीबताचं ताट उतरवून घेऊन आला आणि दोन रिकाम्या पिंपांच्या मधे उभा राहिला.

"बासुन्नेहे," त्याने इनोकाला विचारलं, "आता हे कुठे ठेवू? मेज तर तुम्ही दाराला लावलंत."